देवावर रागावलेला माणूस आणि १.२८ हा आकडा

‘देवाने मला टाकून दिलं की काय, असं मला वाटलं.’ पर्याय चार: अजिबात नाही, थोडंसं, बऱ्यापैकी, खूप.

समजा, दवाखान्यात खाटेवर पडलेल्या साठीच्या एका बाईंना तुम्ही हा प्रश्न वाचून दाखवला आणि त्या ‘बऱ्यापैकी’ म्हणाल्या. तुमच्या एक्सेल शीटमध्ये २ हा आकडा पडला. आता दोन प्रश्न. या २ चा अर्थ काय? आणि खाटेवरच्या बाईंशी तुम्ही पुढे काय बोलणार?

आज आपण एका गाजलेल्या पेपरची चिकित्सा करणार आहोत. आजारपण आणि अध्यात्म यांवर संशोधन करायचं ठरवलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा पेपर कुठे ना कुठे भेटतो. बहुतेक वेळा तो सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एका वाक्यात येतो: ‘धार्मिक संघर्षामुळे मृत्यूचा धोका वाढतो.’ मीही एका सेमिनारच्या स्लाइडवर हे वाक्य असंच टाकलं होतं. मूळ पेपर नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की या वाक्यातले ‘धार्मिक संघर्ष’ आणि ‘मुळे’ हे दोन्ही शब्द सांभाळून वापरायला हवेत. ‘मुळे’ची गोष्ट संख्याशास्त्राची आहे, ती आधी उरकू. ‘धार्मिक संघर्ष’ची गोष्ट जास्त खोल आहे.

थोडी पार्श्वभूमी

आजारी माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, हे आपल्या घरातल्या कुणालाही माहीत असतं. वैद्यकशास्त्रात ते ठामपणे मांडलं सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेवेचं काम केलं, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाच्या दारातल्या रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारही अंगांनी एकत्र येते, असं त्या सांगत. या कल्पनेला ‘टोटल पेन’ म्हणतात. आपण तिला ‘संपूर्ण वेदना’ म्हणू. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं. ते भारतातलं पहिलं हॉस्पिस.

यातल्या आध्यात्मिक भागाला इंग्रजी साहित्यात ‘स्पिरिच्युअल डिस्ट्रेस’ म्हणतात. मी ‘आध्यात्मिक व्यथा’ म्हणेन. ‘हे माझ्याच वाट्याला का?’, ‘आता जगण्यात काय राहिलं?’, ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’ असे प्रश्न माणसाला आतून पोखरायला लागतात, तेव्हा त्याला ही व्यथा आहे असं म्हणतात. पण विज्ञानाची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना लगेच पुढचा प्रश्न पडतो: हे मोजायचं कसं?

पेपर काय सांगतो

केनेथ पार्गामेंट, हॅरॉल्ड केनिग, नलिनी तारकेश्वर आणि जून हान यांचा हा अभ्यास २००१ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम इथल्या दोन रुग्णालयांत दाखल असलेले, ५५ वर्षांवरचे ५९६ रुग्ण त्यात होते. त्यांना धर्माशी आणि देवाशी असलेल्या नात्याबद्दल प्रश्न विचारले आणि दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. दोन वर्षांत १७६ जण गेले. १५२ जणांचा पुढे माग लागला नाही. २६८ जण उरले.

वय, लिंग, शिक्षण, शारीरिक आणि मानसिक स्थिती हे सगळं हिशेबात धरूनही, ज्यांचा ‘धार्मिक संघर्षा’चा स्कोअर जास्त होता त्यांच्यात मृत्यूचा धोका थोडा जास्त दिसला: रिस्क रेशो १.०६, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०१ ते १.११. मग त्यांनी सुटे प्रश्नही तपासले. ‘देवाने मला टाकून दिलं का’ या प्रश्नाला १.२८, ‘देवाचं माझ्यावर प्रेम आहे का अशी शंका आली’ याला १.२२, आणि ‘हे सैतानाचं काम आहे’ याला १.१९.

या पेपरचं श्रेय आधी देऊ. त्या काळात ‘श्रद्धा असली की तब्येत चांगली राहते’ अशा धाटणीचं लेखन पुष्कळ होत होतं. या चौघांनी उलटा प्रश्न विचारला: श्रद्धाच जर त्रासाचं कारण झाली तर? शिवाय फक्त एकूण स्कोअर न देता कोणत्या प्रश्नाने काय दाखवलं, हेही उघड केलं. त्यामुळेच आज आपण त्यावर बोट ठेवू शकतो.

‘मुळे’ या शब्दाबद्दल

चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. कुठलाही पेपर वाचताना कामाला येतील.

एक: रिस्क रेशो दिसला की आधी विचारा, कशाच्या तुलनेत? १.०६ हा पूर्ण स्कोअरचा आकडा, १.२८ एका प्रश्नाचा. दोन्हींची पट्टी वेगळी. त्यामुळे १.२८ मोठा दिसतो म्हणून तो प्रश्न जास्त ‘घातक’ असं थेट म्हणता येत नाही. पट्टी काय होती, हे मेथड्स विभागात जाऊन स्वतः शोधा. हाच तुमचा गृहपाठ.

दोन: अनेक सुटे प्रश्न तपासले की त्यातले एकदोन योगायोगाने उठून दिसू शकतात. १.२२ या आकड्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल १.०२ पासून सुरू होतो. म्हणजे ‘काहीच फरक नाही’ या रेषेला तो जवळजवळ टेकलेला आहे.

तीन: ५९६ पैकी १५२, म्हणजे साधारण चौथा हिस्सा, हाती लागला नाही. हे लोक बाकीच्यांसारखेच होते का? जास्त आजारी होते? एकटे राहणारे होते? ज्याला सगळ्यांनी टाकलंय असं वाटतं, तो माणूस पाठपुराव्याच्या फोनलाही कदाचित उत्तर देत नसेल.

चार: आपण किती आजारी आहोत, हे रुग्णाला कधी कधी रिपोर्टच्या आधी कळतं. शरीर आतून खचत चाललंय म्हणून ‘देवाने टाकलं’ असं वाटत असेल, तर तो विचार मृत्यूचं कारण नाही, येणाऱ्या मृत्यूची चाहूल आहे. संशोधकांनी तब्येतीचे मापदंड हिशेबात धरले हे खरं, पण जे मोजलंच नाही ते हिशेबात धरता येत नाही.

म्हणून ‘संघर्षामुळे धोका वाढतो’ असं लिहू नका. ‘संघर्षाचा स्कोअर आणि मृत्यू यांत संबंध आढळला’ एवढंच लिहा. वाक्य थोडं कंटाळवाणं होईल, पण व्हायवात ते तुम्हाला वाचवेल.

देव पाण्यात ठेवलेले असताना

आता ‘धार्मिक संघर्ष’ या शब्दाकडे येऊ. माझी खरी तक्रार इथे आहे.

सरावासाठी मी या प्रकारच्या प्रश्नावलीतले काही प्रश्न मराठीत केले आणि आईला वाचून दाखवले. ‘देवावर राग आला का’ या अर्थाच्या प्रश्नावर तिने माझ्याकडे अशी काही पाहिलं, की मीच चूक केली असं वाटलं. म्हणाली, “हा काय प्रश्न झाला? देवावर नाही चिडायचं तर कुणावर चिडायचं?” आजोबा आयसीयूत होते तेव्हा तिने देव पाण्यात ठेवले होते. बरे होऊन घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही, म्हणाली होती. रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि त्याच वेळी पातेल्यातल्या गणपतीशी भांडायची.

आता सांगा, तिचा स्कोअर किती? राग: खूप. शंका: बऱ्यापैकी. प्रश्नावलीच्या हिशेबाने ती ‘संघर्ष जास्त’ गटात जाते. पण तिचं नातं तुटलं होतं का? नातं असल्याशिवाय देव कुणी पाण्यात ठेवत नाही. ज्याच्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही, त्याच्याशी आपण भांडतही नाही.

ही एका घरातली गंमत नाही. मराठी भक्तिपरंपरेत विठ्ठलाशी भांडणं हा भक्तीचाच एक मान्य प्रकार आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांत देवाला जाब विचारलाय, टोमणे मारलेत, रुसवे धरलेत. ते अभंग आपण कीर्तनात आनंदाने म्हणतो. कुणालाही त्यात आजाराचं लक्षण दिसत नाही. पश्चिमेतही ही गोष्ट अनोळखी नाही. बायबलमध्ये ईयोब देवाला प्रश्न विचारतो, आणि स्तोत्रसंहितेत तक्रारीची कितीतरी स्तोत्रं आहेत. म्हणजे प्रश्नावलीने जी वाक्यं ‘नकारात्मक’ रकान्यात टाकली, ती तिच्या स्वतःच्या परंपरेतही प्रार्थना म्हणून उच्चारली गेली आहेत.

चोखामेळ्याचं उदाहरण आणखी अडचणीचं आहे. चोखोबा आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा यांच्या अभंगांतली तक्रार फक्त देवाशी नाही. देवळाच्या दाराबाहेर उभं राहावं लागणाऱ्या माणसाची ती तक्रार आहे. तिला ‘या व्यक्तीची सामना करण्याची पद्धत नकारात्मक आहे’ असं लेबल लावलं, तर दोष कुणाच्या माथी बसला? साँडर्स यांच्या ‘संपूर्ण वेदने’त सामाजिक आणि आध्यात्मिक वेदना एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रश्नावली मात्र त्या वेगळ्या करते आणि सगळं ओझं रुग्णाच्या मनावर टाकते. उपचाराला पैसे नाहीत म्हणून जमीन विकावी लागलेला शेतकरी ‘देवाने टाकलं’ म्हणतो, तेव्हा तो नेमकं कोणाबद्दल बोलतोय, हे एका खुणेवरून कसं कळणार?

याला संशोधनाच्या भाषेत कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात: जे मोजतोय असं आपण म्हणतो, तेच मोजतोय का? इथे दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात मिसळल्या आहेत. एक म्हणजे नात्याच्या आतलं भांडण, आणि दुसरी म्हणजे नातंच संपणं. पहिलं कधी कधी माणसाला धरून ठेवतं. दुसऱ्यात तो एकटा पडतो. दोन्हींना २ गुण.

शब्दांचाही असाच गोंधळ होतो. ‘भोग’ हाच शब्द घ्या. एक आजी म्हणतात, “माझे भोग आहेत, भोगून संपवते,” आणि शांतपणे कूस बदलतात. दुसऱ्या आजी तेच वाक्य म्हणतात आणि रात्रभर झोपत नाहीत, कारण कुठल्या पापाचे हे भोग, हे त्या आठवत बसलेल्या असतात. वाक्य एक, अवस्था दोन. मूळ प्रश्नावलीतल्या ‘देवाची शिक्षा’ या कल्पनेचं भाषांतर ‘भोग’ केलं, तर दोघी एका रकान्यात येतील. भाषांतर करून परत इंग्रजीत उलटं भाषांतर तपासलं, तरी ही चूक सापडणार नाही, कारण शब्द बरोबरच आहे.

एकदाच विचारून भागत नाही

पहिल्या पेपरमध्ये दिसत नाही अशी एक गोष्ट याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसते. म्हणून सांगते, एका पेपरवर थांबू नका, तेच लेखक पुढे काय म्हणाले तेही बघा. २००४ च्या पेपरमध्ये त्यांनी उरलेल्या रुग्णांची दोन वेळची उत्तरं तुलना करून पाहिली. सुरुवातीलाही आणि दोन वर्षांनंतरही संघर्षात असलेल्या लोकांची परिस्थिती जास्त ढासळलेली होती. ज्यांचा संघर्ष येऊन गेला, त्यांच्यात तशी घसरण दिसली नाही.

हे माझ्या तक्रारीला पूर्ण उत्तर नाही, पण दिशा तीच आहे. राग येणं ही एक घटना आहे. रागात अडकून पडणं ही वेगळी अवस्था आहे. एकदाच प्रश्न विचारून या दोन्हींत फरक करता येत नाही. २००१ चा पेपर मात्र उद्धृत होतो तो एका वेळच्या स्कोअरसाठी.

दुसरी दिशा भारतातून आली. जोरिस गिलेन, सुषमा भटनागर आणि संतोष चतुर्वेदी यांनी दिल्लीतल्या एका कर्करोग रुग्णालयाच्या वेदना उपचार केंद्रात ३०० रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१७ साली ‘जर्नल ऑफ रिलिजन अँड हेल्थ’मध्ये आला. त्यांच्या विश्लेषणात तीन गट निघाले: विश्वास टिकून असलेले ४६.४ टक्के, आध्यात्मिक व्यथा असलेले १७.४ टक्के, आणि तिसरे ‘घट्ट धरून बसलेले’ ३६.२ टक्के. हा तिसरा गट मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ अशा दोनच खोक्यांची पट्टी वापरली असती, तर एक तृतीयांशाहून जास्त लोक कुठल्या तरी चुकीच्या खोक्यात कोंबले गेले असते. अर्थात, दिल्लीची पट्टी सोलापूर-नांदेडला जशीच्या तशी चालेल असं मी म्हणत नाही. पण माणसांकडे पाहून खोकी ठरवायची, हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे.

खाटेजवळ याचं काय होतं

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं, शेवटी आकडाच तर आहे. पण हा आकडा पुढे खाटेजवळ जातो. अमेरिकेत बऱ्याच रुग्णालयांत चॅप्लिन असतात, म्हणजे रुग्णांशी श्रद्धेबद्दल, भीतीबद्दल बोलायला नेमलेली प्रशिक्षित माणसं. स्कोअर जास्त आला की चॅप्लिनला बोलावता येतं. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत असं पद नसतं. हे काम मेडिकल सोशल वर्कर, नर्स, कधी मावशी, कधी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सून करते. त्यांच्या हातात ‘धार्मिक संघर्ष: जास्त’ असा कागद दिला, तर काय होईल? बहुधा कुणीतरी समजूत घालेल: “असं बोलू नये देवाबद्दल. विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.” आणि ज्या बाई इतके दिवस देवाशी भांडत होत्या, त्या गप्प होतील. आपण त्यांचं शेवटचं बोलणं बंद केलं, आणि नोंद केली ‘समुपदेशन झाले’.

क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी १९९६ च्या सुमाराला ‘फिका’ नावाची साधी प्रश्नपद्धत तयार केली. त्यात विषय चार: तुम्हाला बळ कशातून मिळतं, श्रद्धा किंवा जगण्याचा अर्थ, त्याला तुमच्या आयुष्यात आणि आजारपणात किती महत्त्व आहे, तुमच्यासोबत कुणी माणसं, समूह आहे का, आणि या सगळ्याबद्दल आम्ही तुमच्या उपचारात काय करावं असं तुम्हाला वाटतं. इथे गुण नाहीत, बोलणं सुरू होतं. चौथा प्रश्न तर रुग्णालाच विचारतो की आम्ही काय करू. यातही त्रुटी आहेत. घाईच्या ओपीडीत हे चार प्रश्नही चार खुणा होऊन बसू शकतात. पण ‘देवाने टाकलं असं वाटतं’ या उत्तरानंतर “म्हणजे कसं, सांगाल?” असं विचारायला त्यात जागा आहे.

आध्यात्मिक काळजी घेणं म्हणजे श्रद्धा दुरुस्त करणं नव्हे, एवढं तरी आपण संशोधक म्हणून लक्षात ठेवलं पाहिजे. ज्याला देव मानायचा नाही त्यालाही ही व्यथा होते, आणि ज्याला देवाशी भांडायचंय त्याला ते भांडण पूर्ण करायला कुणीतरी ऐकणारं लागतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तर मग प्रश्नावली वापरायचीच नाही का? वापरा. मोजमाप सोडून दिलं तर धोरण ठरवणाऱ्यांना ही व्यथा दिसणारच नाही. फक्त तीन कामं आधी करा.

पट्टी वापरण्याआधी आठ-दहा जणांना प्रत्येक प्रश्न वाचून विचारा: “हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?” याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. माझ्या आईचं उत्तर अशाच एका प्रश्नातून आलं.

शक्य असेल तर दोनदा मोजा. नसेल, तर ‘हे कधीपासून वाटतंय’ एवढा एक प्रश्न तरी जोडा.

आणि तिसरं, एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये लिहा, की कुणी ‘खूप’ म्हटलं तर त्या क्षणी तुम्ही काय करणार. कोणाला बोलावणार, किती वेळ बसणार. हा रकाना रिकामा ठेवून तुम्ही तो प्रश्न विचारू नका. ज्या बाईंनी तुम्हाला इतकं खरं उत्तर दिलं, त्यांना “बरं, पुढचा प्रश्न” म्हणणं, ही मेथडॉलॉजीचीही चूक आहे आणि माणूस म्हणूनही.

मी माझ्या फॉर्मवर हा रकाना दोनदा लिहून खोडलाय. अजून नीट जमलेला नाही. तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात असं काम केलं असेल, तर तुम्ही त्या वेळी काय केलंत ते मला खरंच ऐकायचं आहे.